डावा पुढचा

रोज दिवस मावळायच्या आत आम्ही दोघं घोडीची पावलं ऐकायचो. ऐकायची खरं तर बायको. मी नुसता घोडी चालवायचो. आमच्या अंगणात गोठ्यापासून पाण्याच्या हौदापर्यंत शहाबादी फरशीची एक पट्टी आहे, वीसेक पावलांची. बाकी अंगण मातीचं. फरशी तिच्याच हट्टाने घातली, कारण मातीत पाऊल खोटं बोलतं म्हणायची. ती ओट्याच्या पायरीवर बसायची, मांडीवरचं सूप बाजूला ठेवायची आणि डोळे मिटायची. मी दावं ढिलं सोडून घोडी हौदापर्यंत न्यायचो, वळवायचो, परत आणायचो. दावं ढिलंच पाहिजे. ताणलं की मान धरली जाते आणि दुखणं लपतं. मग ती म्हणायची, "बरी शे," आणि चहा टाकायला उठायची. एवढंच काम. पण त्याला एक दिवस खाडा नव्हता.

त्या संध्याकाळी ती "बरी शे" म्हणाली नाही.

"परत चालवा."

परत चालवली.

"आजून एकदाव."

"घानाना बैल समजनी का माले?" मी म्हणालो. पण चालवली.

तिने डोळे उघडले. उघडून फार दिसायचं असं नाही. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, ते नीट बसलं नाही, आणि दुसऱ्याचं करू दिलं नाही. ती म्हणाली, "डावा पुढला हलका पडस."

"हलका नही पडत. ठेका धरस ती. नवी चाल शे. काल वरातमा लोके येडा व्हई गयात."

"नाचमा मान कधीमधी हालस. हिनी दर पावलाले हालस. हाऊ नाच नही, दुखनं शे. नालबंदले बलावा."

"यात्रा व्हई जाऊ दे, मंग बलावू."

"यात्राले चार दिन शेतस. तवलोंग पाय राही का?"

मी दावं हौदाच्या कडीला बांधलं आणि तिच्याकडे पाठ करून म्हणालो, "तुना डोया तं गयातच, आते कानबी गयात."

तिने सूप उचललं, आत गेली. बराच वेळ लावून चहा आणला. त्यात आलं फार पडलं होतं, घशाला लागलं. तेही मी बोलून दाखवलं. तिने तेही ऐकून घेतलं. हे आमचं शेवटचं एकत्र काम.

आमचं गाव जळगाववरून चोपड्याकडे जाताना लागतं. दोन्ही बाजूंना केळी, मधून रस्ता. माझ्या बापाकडे घोडी होती, मग माझ्याकडे आली. लग्नसराईत वरातीला जायचं, आणि थंडीत तापीकाठच्या यात्रेत घोड्यांच्या नाचाची स्पर्धा असते, तिथे नाचवायचं. हलगी वाजते, घोडी पुढचे पाय एकामागून एक उचलते, मान वाकवते, लोक शिट्ट्या मारतात. सात वर्षं मी तिथे दुसरा येत होतो. दुसऱ्याला टाळ्या असतात, फेटा नसतो. यंदा माझे गुडघे म्हणत होते की हे शेवटचं वर्ष. मला तो फेटा पाहिजे होता. आता लिहिताना लाज वाटते, पण पाहिजे होता.

तिला यात्रेचं कौतुक नव्हतं. ती साक्रीकडची, डोंगराच्या पायथ्याच्या गावची. तिच्या माहेरी बैल होते, घोडं कुणी पाहिलेलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा घोड्याच्या मागून जायलाही भ्यायची. मी हसायचो. ते हसणं मला लवकरच महागात पडलं.

तेव्हा आमच्याकडे एक उंच घोडा होता, तांबडा. मी एका दूरच्या वरातीहून आलो होतो. चार तास चालून, नाचून घोडा घामाने भिजलेला. मी तसाच त्याच्यापुढे थंड पाण्याची बादली धरली, आणि आज फार राबला म्हणून हरभऱ्याची चंदी दुप्पट टाकली, वर गुळाचा खडा. आमच्यात हे सगळेच करतात. जनावराने नाव काढलं की त्याला खायला घालून शाबासकी द्यायची. दुसऱ्या दिवशी दुपारी ही नवी नवरी मला म्हणाली, "सकायपशी लीद पडनी नही."

मी म्हणालो, "बायकांनी लीद मोजू नये."

घोडा सारखा वळून स्वतःच्या कुशीकडे पाहत होता. मला वाटलं, माशा बसताहेत. संध्याकाळी तो लोळायला लागला. लोळायचा, उठायचा, परत लोळायचा. जनावरांचा डॉक्टर जळगावहून एसटीने यायचा होता, तोपर्यंत घोडा राहिला नाही. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "शेवटची लीद कधी पडली?" ही पदराआडून म्हणाली, "काल रात्री, वरातीहून आल्यावर." तेवढं एकाच माणसाला ठाऊक होतं आणि त्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

त्या दिवसापासून ती मोजायला लागली. लीद किती वेळा, ओली की कोरडी. पाणी किती बादल्या. आमच्या गल्लीतल्या बायका तिला चिडवायच्या, "काय बाई, आज नवऱ्याची मोजली का घोड्याची?" ती म्हणायची, "घोडा खरं सांगस, म्हणून त्यानी मोजस." हसायच्या सगळ्या. पण त्यांच्या म्हशी फुगल्या की तिलाच बोलवायच्या.

ती शाळेत गेली नव्हती. डॉक्टर आले की ती दोन हात लांब उभी राहून ऐकायची आणि ते गेले की करून पाहायची. घोड्याचा ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबायची, पांढरं झालेलं परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते बघायची. मानेचं कातडं चिमटीत धरून सोडायची. लगेच बसलं तर ठीक, उभं राहिलं तर पाणी कमी पडलंय. खूर गरम आहे का ते तळहाताने नाही, हाताच्या पाठीने पाहायची, आणि चारही पाहायची. मी विचारलं, दुखतो एक, चार कसाले? तर म्हणाली, घरात दोन पोरं असली आणि एकाला ताप वाटला तर दुसऱ्याच्याही कपाळाला हात लावतो ना आपण? नाहीतर आपलाच हात गार आहे की पोर गरम आहे, ते कळणार कसं? हे मला बापाने शिकवलं नव्हतं. बापाला ठाऊकच नसेल.

वरातीला जाताना माझ्या पिशवीत ती दोन गोष्टी टाकायची. एक ओली गोणपाटाची पट्टी, मे महिन्यात डांबरी रस्त्यावर थांबावं लागलं तर घोडीच्या पायांखाली टाकायला. आणि एक सुतळीची जाळी, तिनेच विणलेली, तोंडाला बांधायला. कारण वऱ्हाडी लोक फार प्रेमळ. पेढा भरवतात, गुलाबजाम भरवतात, एकाने तर पुरणपोळी भरवली, तुपासकट. नवरदेवाच्या मामाला नाही म्हटलं की तो रुसतो. मी म्हणायचो, घरून जाळी बांधून दिलीय, सोडली तर मला जेवण मिळणार नाही. तेव्हा लोक हसून ऐकायचे. बायकोच्या भीतीने माझी घोडी जगली, हे मी चारचौघांत विनोद म्हणून सांगायचो. विनोद नव्हता तो.

बाजेची गोष्टही सांगून टाकतो. यात्रेत काही लोक घोड्याला बाजेवर चढवून नाचवतात. चार पाय त्या एवढ्याशा जागेत, खाली सुंभ हलतंय, लोकांना फार आवडतं. मीही एक भक्कम बाज करून आणली आणि आताच्या या पांढऱ्या घोडीला, तेव्हा ती चार वर्षांची होती, शिकवायला लागलो. तिसऱ्या दिवशी मागच्या पायाचा सांधा सुजला. चौथ्या दिवशी मी शेतावरून आलो तर बाज नाही. चुलीजवळ लाकडं रचलेली, छान सारखी फोडलेली. त्याच्यावर तिने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली आणि वांग्याचं भरीत करून मला वाढलं. मी म्हणालो, बाज कोठे शे? ती म्हणाली, "खाई राह्यनात ना."

मी आठ दिवस तिच्याशी बोललो नाही. घोडी मात्र पंधरा दिवसांत नीट चालायला लागली.

तर हे सगळं मला ठाऊक होतं. तिचा हात, तिचा कान, तिचं मोजणं, कशालाही मी खोटं म्हणू शकत नव्हतो. आणि तरी त्या संध्याकाळी म्हणालो. त्याला एक कारण होतं, ते मी तिला सांगितलं नव्हतं.

चोपड्याच्या वरातीच्या आदल्या दिवशी घोडीच्या डाव्या पुढच्या पायाची नाल ढिली झाली होती. आमचा नालबंद जळगावच्या मेहरूणचा. वीस वर्षं आमच्या घोड्यांचे पाय त्याच्याच हातात. तो तापाने पडला होता. ही म्हणाली, नाल काढून ठेवा, वरात दुसऱ्याला द्या. मी हो म्हणालो, घोडी घेऊन निघालो, आणि बाजारात एक माणूस नाला ठोकत बसला होता त्याच्यापुढे घोडीचा पाय धरला. ओळख ना पाळख. त्याने खटाखट खिळे मारले. त्यातला एक मारताना घोडीने पाय झटकला. जोरात. मी तो खूर मांडीत घट्ट दाबून धरला आणि म्हणालो, मार, काही होत नाही.

झटकलं तेव्हाच मला कळलं होतं. घोड्याच्या खुराच्या कडेला नखासारखा भाग असतो, तिथे खिळा जातो, त्याला काही कळत नाही. खिळा आत सरकला तर मांसाला लागतो. मग दोन-तीन दिवस काही दिसत नाही. आत पिकतं.

चोपड्याला घोडी बरी नाचली. दोन दिवसांनी दुसऱ्या एका वरातीत ती मान मारायला लागली. डावा पाय टेकला की मान वर, उजवा टेकला की खाली. मी गार पडलो. पण हलगीवाला हुशार. त्याने तिच्या मानेकडे पाहून ठोका बदलला, मानेबरोबर वाजवायला लागला. आणि काय सांगू, असं दिसायला लागलं की घोडी तालावर मान टाकतेय. लोक ओरडले. कुणी म्हणालं, "आबा, ही चाल कधी शिकवली?" मी म्हणालो, "परवाच." बोलून गेलो. एकदा बोललो की मग मलाही ते खरं वाटायला लागलं. बाकी कुणाला सांगून कळायचं नाही, पण घोडी नाचवणाऱ्याला कळेल. लंगडं जनावर तालात लंगडलं तर नाचतंय असंच दिसतं. डोळ्यांनी पाहणाऱ्याला फसवता येतं. म्हणून बायको डोळे मिटून ऐकायची.

त्या संध्याकाळच्या भांडणानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी घोडी घेऊन गावाबाहेरच्या मैदानात गेलो, सरावाला. निघताना ही ओट्यावर तूर निवडत होती. तिने घोडीच्या पायांचा आवाज ऐकला असणार, फरशीवरूनच गेलो. काही म्हणाली नाही. मीही जातो म्हणालो नाही.

मैदानात हलगीवाला आला, आणखी दोघं-तिघं घोडीवाले आले. मान तशीच. कालपेक्षा जास्त. त्यातला एक जण जवळ आला, खुराकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, "आबा, दुखतंय तिचं. स्पर्धेच्या सकाळी दुखणं मारायची एक सुई द्या, उडेल. मी देतो आणून."

"आणि मग?"

"मग काय. फेटा बांधून घरी या. नंतर बघा पायाचं."

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. मी विचार करत होतो. सुई दिली तर तिला दुखणार नाही. दुखणार नाही तर ती दुखऱ्या पायावर पूर्ण जोर देईल. जोर देईल तर आतलं वर सरकेल. हे सगळं मला पायरीसारखं एकाखाली एक दिसत होतं, आणि तरी मी त्या माणसाला नाही म्हणालो नव्हतो. तेवढ्यात शेजारचा एक जण मोटारसायकल चालू ठेवूनच ओरडला, "आबा, घर चला. लवकर."

बायको ओट्यावरच होती. शेजारणीने मांडी दिली होती. तिच्याकडे पाणी मागितलं म्हणे, दोन घोट घेतले, छातीवर हात ठेवला आणि झालं. सुपात निवडलेली तूर एका बाजूला, खडे एका बाजूला. अर्धं निवडायचं बाकी होतं. घोडी मी कुठे सोडली, कुणी आणली, कुणी बांधली, मला माहीत नाही. ऊन उतरायच्या आत बायकोला स्मशानात नेलं. लोक चांगले होते. सगळं त्यांनी केलं. रात्रीचं मी काही लिहीत नाही.

सकाळी घर बायकांनी भरलेलं. माझी थोरली बहीण धुळ्याहून संध्याकाळीच आली होती. आमच्याकडे तिला सगळे अक्का म्हणतात आणि तिच्यापुढे कुणी बोलत नाही. काय करायचं, काय नाही, ती सांगत होती. घरात चूल पेटवायची नाही, तिसऱ्या दिवसापर्यंत. शेजारच्या घरून किटलीत चहा आला. मला कप दिला. त्यात आलं नव्हतं. मी कप हातात घेऊन गोठ्यात गेलो, कारण घरात कुठे बसायचं ते कळत नव्हतं.

घोडी डावा पाय पुढे काढून उभी होती. नुसतं टोक टेकलेलं. चंदी तशीच पडलेली. मी बघितलं आणि कप खाली ठेवला. हात लावायची हिंमत झाली नाही. हात लावायचं काम माझं नव्हतं कधी.

मग बाहेर मोपेडचा आवाज आला, आणि त्याच्या आधी माणसाचा.

"भाभी! ओ भाभी! कुठंय तुमची लंगडी राणी? ताप अजून पूरा उतरला नाही माझा, तरी आलो बघा. मालक उठायच्या आत या म्हणालात, म्हणून बिनचहाचा निघालो. आता चहा तुमच्याच हातचा…"

मेहरूणचा नालबंद. मफलर बांधलेला, हत्यारांची पिशवी खांद्याला. तो फाटकातून आत आला आणि ओट्यावरच्या बायका पाहून थांबला. डोक्यावर पदर घेतलेल्या इतक्या बायका सकाळी एका ओट्यावर कशाला बसतात, ते कुणाला सांगावं लागत नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "काल."

तो फरशीवरच खाली बसला. पिशवी मांडीत धरून. मग म्हणाला, "परवा संध्याकाळी फोन आला होता त्यांचा. हळू बोलत होत्या. म्हणे चुलीजवळून बोलते, ते बाहेर आहेत. म्हणे, भाऊ, यात्रेच्या आधी येऊन जा, यांना सांगू नका, हे ऐकणार नाहीत. मी म्हटलं, भाभी, परवा येतो. कालच आलो असतो तर…"

"ते जाऊ दे," मी म्हणालो.

चहात आलं जास्त का पडलं, ते मला तेव्हा कळलं.

"पाय पाहायचा ना?" त्याने विचारलं. "का आज नको?"

मी म्हणालो, "पाहायचा. पण आधी चालव तिला."

"दिसतंय भाऊ. टोकावर उभी आहे. चालवून काय पाहायचं?"

"तू चालव. दावं ढिलं सोड."

त्याने दावं सोडलं. मी ओट्याच्या पायरीवर जाऊन बसलो. बायका सरकल्या. तिची जागा खालून दुसऱ्या पायरीवर, दगड तिथे गुळगुळीत झालाय. मी डोळे मिटले. लाज वाटत होती, सगळ्या बघत होत्या. अक्का म्हणाली, "काय करी राह्यना तू?"

आधी काहीच ऐकू आलं नाही. बायकांच्या बांगड्या, कुणाचा तरी हुंदका, दूर ट्रॅक्टर. मग फरशीवर पाय पडला. इतकी वर्षं मी त्या आवाजाबरोबर चाललो होतो आणि तो मी कधी ऐकला नव्हता. तीन पाय पडत होते. चौथा नुसता फरशीला लागत होता. बरं असलेला उजवा पुढचा तर जास्तच आपटत होता, दुसऱ्याचं ओझं घेत होता. एवढं साफ. लहान पोरालाही कळेल एवढं. हौदापर्यंत गेली, वळली, परत आली.

"डावा पुढचा," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. कुणाला, ते कळलं नाही.

नालबंदाने पाय उचलून मांडीत घेतला. मी घोडीचं तोंड धरलं. त्याने खुरावर हाताची पाठ ठेवली, मग उजव्या खुरावर ठेवली, मग परत डाव्यावर. तिचंच बघून शिकला होता तो, वीस वर्षांत. "भट्टी आहे," म्हणाला. खुरावरच्या सांध्याच्या गाठीमागे दोन बोटं ठेवली. "नाडी उडतेय." मग सांडशीने एकेका खिळ्याला हळूच दाबत गेला. तिसऱ्या खिळ्याला घोडीने असा पाय ओढला की तो पडता पडता राहिला.

त्याने मान वर केली. "ही नाल माझी नाही, भाऊ. हा खिळा ठोकताना तिने पाय ओढला होता का?"

ओट्यावर सगळ्या ऐकत होत्या. मी म्हणालो, "ओढला होता. मी दाबून धरला. मी म्हणालो, मार."

"भाभींना ठाऊक होतं?"

"नाही सांगितलं."

त्याने खिळे एकेक करून उपसले, नाल काढली. तिसऱ्या खिळ्याचं टोक ओलं होतं आणि वास येत होता. मग वाकडा चाकू घेऊन त्याने तळ थोडा थोडा खरवडला, नख कापावं तसा. एकदम काळं पाणी आलं, मग पू. घोडीने मोठा श्वास सोडला. मी तिचं तोंड धरून होतो, तो श्वास माझ्या गळ्यावर आला.

"वर सरकलं नाही अजून," नालबंद म्हणाला. "आणखी दोन दिवस नाचवली असती तर मग मी काही करू शकलो नसतो. आता गरम पाण्यात मीठ घालून शेकायचं. सहन होईल एवढं गरम. मग कापडाची घडी, वर गोणपाट. दिवसातून दोनदा. आणि डॉक्टरांना बोलवून धनुर्वाताचं इंजेक्शन द्या, ते विसरू नका. यात्रा…"

"यात्रा नाही," मी म्हणालो.

"गरम पाणी आणा मग."

मी आत गेलो. अक्का दारात उभी होती. "शेजारीन कडथून पानी आनू," ती म्हणाली. "आपला घरमा चूल पेटत नही आज. समजस ना तुले?"

"समजस."

"मंग?"

"घोडीना पाय थांबत नही, अक्का."

"आते लोके काय म्हनतीन?"

मी तिच्या बाजूने आत गेलो. चूल कालची होती. राखेत एक अर्धं जळलेलं लाकूड. मला चूल पेटवता येत नाही. उभ्या आयुष्यात पेटवली नव्हती. काड्या कुठे असतात तेही शोधावं लागलं, त्या मिठाच्या बरणीमागे होत्या. पहिल्या दोन विझल्या. धूर डोळ्यांत गेला. दारातून बायका बघत होत्या, पण कुणी आत आलं नाही. सुतकात त्या चुलीपाशी येणारही नव्हत्या. तिसरी काडी लागली. तिने लाकडं कशी रचली असती ते आठवून मी मध्ये जागा ठेवली, फुंकर मारली. पातेलं ठेवलं. मिठाची बरणी काढली, मूठभर घातलं.

पाणी तापलं तेव्हा मी हाताची पाठ बुडवून पाहिली. जास्त होतं. गार पाणी घातलं, परत पाहिलं. मग ज्या घमेल्यात ती रोज घोडीची चंदी भिजवायची त्यात ओतलं, अंगणात नेलं, खाली बसलो, आणि घोडीचा डावा पुढचा पाय उचलून त्यात ठेवला. तिने तो काढला नाही.